ईटीपीचे पीएच सेन्सर हाती आले तेव्हा

३१ डिसेंबर २०२४ ला आमच्या प्लांटमधल्या पाण्याच्या उपकरणांची एएमसी (देखभालीचा वार्षिक करार) संपली. पुण्याजवळ भोसरी एमआयडीसीत आमचं झिंक आणि हार्ड क्रोम प्लेटिंगचं युनिट आहे, मी तिथल्या लॅबमध्ये केमिस्ट. नव्या एएमसीचं कोटेशन वर्षाला १,४५,००० रुपयांचं आलं आणि ते परचेसमध्ये अडकलं. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात प्लांट हेड साहेबांनी बोलावून सांगितलं की एएमसीचं ठरेपर्यंत ईटीपीचे, म्हणजे कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचे, सेन्सर तुम्ही बघा. जूनच्या आसपास आयएसओचं सर्व्हेलन्स ऑडिट होतं आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्राचं नूतनीकरणही तोंडावर आलं होतं.

टायट्रेशन, लॅबचा पीएच मीटर, स्पेक्ट्रोफोटोमीटर हे माझं रोजचं काम. पण खड्ड्यात तीन मीटर पाइपवर लटकणारा प्रोब, त्याचा आकडा दाखवणारा भिंतीवरचा ट्रान्समीटर, त्याला जोडलेला, रसायन सोडणारा डोसिंग पंप, यातलं काही मी हाताने उघडलेलं नव्हतं. आपण हात लावला आणि रात्रीच्या शिफ्टला चुन्याचा पंप चालूच राहिला तर, या विचाराने सुरुवातीला झोप नीट लागत नव्हती. मराठीत यावर लिहिलेलं शोधत होते, फारसं सापडलं नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी आमची रचना सांगते, म्हणजे पुढचं समजेल. क्रोमचं पाणी वेगळ्या टाकीत येतं. तिथे ॲसिड घालून पीएच २.५ च्या आसपास आणतात आणि सोडियम मेटाबायसल्फाइट घालून विषारी हेक्साव्हॅलंट क्रोम कमी घातक ट्रायव्हॅलंटमध्ये बदलतात. ते पूर्ण झालं का हे ओआरपीचा (ऑक्सिडेशन-रिडक्शन पोटेन्शियलचा) प्रोब सांगतो. आमचा सेटपॉइंट २५० मिलिव्होल्ट आहे. मग ते पाणी झिंकच्या पाण्यात मिसळतं आणि चुना घालून पीएच ८.५ ला नेला की धातू हायड्रॉक्साइड होऊन खाली बसतात. पीएच कमी पडला तर धातू पाण्यातच राहतो आणि फार वर गेला तर क्रोम आणि झिंक दोन्ही पुन्हा विरघळायला लागतात. पुढे गाळ खाली बसवणारा क्लॅरिफायर, फिल्टर, आरओ, आणि उरलेल्या पाण्याचा आउटलेट. पर्यावरण (संरक्षण) नियमांतल्या सर्वसाधारण मानकांप्रमाणे नदीनाल्यात सोडायच्या पाण्याचा पीएच ५.५ ते ९, हेक्साव्हॅलंट क्रोम लिटरला ०.१ मिलिग्रॅम आणि एकूण क्रोम २ मिलिग्रॅमच्या आत हवं. इंद्रायणी इथून जवळच, मोशीवरून आळंदीकडे जाते. स्क्रीनवरचा आकडा खरा असणं म्हणजे काय, हे मला त्या नदीकडे बघून जास्त कळतं.

जानेवारीचा उरलेला महिना यादी करण्यात गेला. प्रत्येक सेन्सरचा टॅग नंबर, मेक, सिरीयल नंबर, कधी बसवला, केबल कुठून कुठे जाते, ट्रान्समीटरचा पासवर्ड कुणाकडे आहे. पासवर्ड कुणाकडेच नव्हता. तो उपकरणाच्या कंपनीच्या सर्व्हिस विभागाला इन्व्हॉइसची प्रत पाठवून मिळवावा लागला, त्यात आठवडा गेला. तुमच्याकडे एएमसी चालू असेल तर आजच पासवर्ड आणि मॅन्युअल मागून घ्या. एएमसी संपल्यावर कुणी फोन उचलत नाही.

यादीबरोबर जुने सर्व्हिस रिपोर्ट वाचले. सगळ्यांवर एकच वाक्य: क्लीनिंग अँड कॅलिब्रेशन डन, रीडिंग ओके. आकडा एकही नाही. धुण्याआधी प्रोब काय दाखवत होता, धुतल्यावर काय, स्लोप (दर पीएचमागे प्रोब किती मिलिव्होल्ट देतो ते) किती, काही नाही. तिथेच माझ्या मनात पहिली गोष्ट पक्की झाली. आपण काहीही करण्याआधी प्रोब आहे त्या अवस्थेत बफरमध्ये (पीएच आधीच माहीत असलेल्या द्रावणात) घालायचा आणि तो जे दाखवेल ते लिहून ठेवायचं. याला ॲज फाउंड म्हणतात. नंतरचं ते ॲज लेफ्ट. नोंदवहीत हे दोन रकाने नसतील तर बाकीचे रकाने भरून उपयोग नाही, असं माझं ठाम मत झालं आहे.

मग खरेदी. ४.००, ७.०० आणि ९.१८ चे बफर, कंडक्टिव्हिटीचं (वीजवाहकतेचं) १४१३ मायक्रोसीमेन्सचं स्टँडर्ड, पोटॅशियम क्लोराइड, ओआरपी तपासायला क्विनहायड्रोन, मऊ टिश्यू, वॉश बॉटल. सगळं मिळून पाच हजारांच्या आत. पण पाच हजारांसाठीही इंडेंट (मागणीपत्र), तीन कोटेशन, पीओ (खरेदीची ऑर्डर), जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) हे सगळं आलंच. इंडेंटमध्ये नुसतं 'पीएच बफर' लिहिलं तर परचेसवाले सगळ्यात स्वस्त जे मिळेल ते आणतात. त्यामुळे 'कमीत कमी एक वर्ष मुदत शिल्लक, बॅच सर्टिफिकेटसह' हे शब्द इंडेंटमध्येच घाला. बाटली उघडली की त्या दिवसाची तारीख मार्करने लिहायची. ९.१८ चा बफर हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि हळूहळू खाली येतो, म्हणून तो इतरांपेक्षा लवकर टाकून द्यावा लागतो. आम्ही उघडल्यापासून दोन महिने धरतो.

प्रत्यक्ष काम सुरू झालं ते फेब्रुवारीत, एका गुरुवारी. भोसरीत आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, लाइन बंद, टाकीत नवीन पाणी येत नाही. तरी वर्क पर्मिट काढलं. क्रोमच्या टाकीत मेटाबायसल्फाइट आणि ॲसिड एकत्र असतं, त्यातून सल्फर डायऑक्साइड निघतो. टाकीवर वाकून नाक खाली नेऊन काम करायचं नाही, मास्क, गॉगल आणि हातमोजे हवेतच. डोसिंग पंप मॅन्युअलवर टाकून बंद केले आणि पॅनेलवर टॅग लावला. ट्रान्समीटरला 'होल्ड'ची, म्हणजे आधीचा आकडा धरून ठेवायची सोय असते, ती चालू करून घ्यायची. नाहीतर तुम्ही प्रोब ४ च्या बफरमध्ये घालता आणि तिकडे पंप चुना ओतायला लागतो.

न्यूट्रलायझेशन टाकीचा पीएच प्रोब वर काढला. बल्बचा काचेचा फुगा दिसतच नव्हता. त्याच्याभोवती राखाडी-पांढरा थर, बोटाच्या पेराएवढा, वरून ओला आणि आतून कडक. ईटीपीचे काका, जे बावीस वर्षं त्या टाकीजवळ आहेत, पाण्याचा पाइप घेऊनच उभे होते.

"काका, आधी धुवू नका."

"अहो मॅडम, ही एवढी घाण बफरमध्ये घालायची?"

"थोडा बफर वेगळ्या ग्लासात काढू, नंतर फेकून देऊ. पण ही घाण असताना तो काय दाखवतो ते मला लिहायचंय."

डिस्टिल्ड वॉटरने वरवर खंगाळून प्रोब ७ मध्ये घातला. ७.०२. हे बघून काकांना वाटलं सगळं ठीक आहे. ४ मध्ये घातला तर आकडा सरकता सरकता चार-पाच मिनिटांनी ४.७७ वर थांबला. ९.१८ मध्ये ८.६२. ट्रान्समीटरच्या मेनूत स्लोप मात्र शंभर टक्के, म्हणजे कारखान्यातून आला तसाच. याचा अर्थ आधी जे कॅलिब्रेशन (बफरशी आकडा जुळवून घेणं) होत होतं ते फक्त ७ च्या बफरवर. ७ ला सगळेच प्रोब बरोबर दिसतात, कारण तिथे इलेक्ट्रोड जवळपास शून्य मिलिव्होल्ट देतो. खराबी दिसते ती ७ पासून दूर गेल्यावर. चांगला इलेक्ट्रोड २५ अंशांना दर पीएचमागे ५९.१६ मिलिव्होल्ट देतो. आमचा देत होता सुमारे ४४.

हा हिशेब मी तिथेच कागदावर मांडला. स्क्रीन ८.५ दाखवते तेव्हा खरा पीएच ९.०. पंप सेटपॉइंटपर्यंत चुना घालतोय, स्क्रीन हिरवी आहे, अलार्म नाही, आणि पाणी मर्यादेच्या काठावर उभं आहे. लॅबमध्ये रोजच्या सॅम्पलला माझा मीटर स्क्रीनपेक्षा जास्त दाखवायचा तो याचमुळे. जुन्या रिपोर्टांत त्यापुढे 'लॅब मीटर फरक' एवढाच शेरा होता. सेन्सर बंद पडला तर कुणीतरी धावत येतं. तो हळूहळू खोटं दाखवायला लागला तर कुणीच येत नाही, म्हणून ही तपासणी एवढी महत्त्वाची आहे.

मग धुणं. हा भाग सावकाश करायचा. आधी साधं पाणी आणि अगदी मऊ ब्रश, तोही बॉडीवर, बल्बवर नाही. तेलकटपणा असेल तर साबणाचं कोमट पाणी. चुन्याच्या आणि हायड्रॉक्साइडच्या थरासाठी साधारण पाच टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक ॲसिड, पाच ते दहा मिनिटं. ॲसिड पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. आणि एक गोष्ट आवर्जून सांगते: तुमच्याकडे सायनाइडची लाइन असेल तर तिथल्या प्रोबजवळ ॲसिड नेऊसुद्धा नका. हायड्रोजन सायनाइड वायू जीव घेतो. आमच्याकडे सायनाइड नाही, पण भोसरीत आणि चाकणला अजून काही ठिकाणी आहे. स्टेनलेस स्टीलचं पिकलिंग करणाऱ्यांनीही जपायला हवं, कारण हायड्रोफ्लोरिक ॲसिड इलेक्ट्रोडची काचच खातं.

थर सुटायला लागला तेव्हा आधी बुडबुडे आले, मग एक पापुद्रा अख्खाच निघून ग्लासात पडला आणि खालून स्वच्छ काच दिसली. बल्बच्या बाजूला जंक्शनचा, म्हणजे आतलं द्रावण बाहेरच्या पाण्याला भेटतं त्या सच्छिद्र जागेचा, छोटा गोल असतो, तो तपकिरी झाला होता, तोही थोडा उजळला. हे जंक्शन तुंबलं की प्रोब आळशी होतो, बल्ब कितीही चकचकीत असला तरी. ॲसिडनंतर भरपूर पाणी, आणि मग ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये निदान तासभर. घाईने लगेच कॅलिब्रेट केलं तर आकडा नंतर सरकत राहतो. प्रोब पुसताना टिश्यूने टिपायचा, चोळायचा नाही. चोळलं की काचेवर स्थिर विद्युत साठते आणि वाचन डगमगतं. आणि कोरडा किंवा डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून कधीच ठेवायचा नाही. ही चूक मी इतक्या ठिकाणी बघितली आहे की सांगता सोय नाही. प्रोबबरोबर येणारी ती छोटी टोपी म्हणूनच जपून ठेवायची असते.

तासाभराने तिन्ही बफर पुन्हा. यावेळी स्लोप ५५.५, म्हणजे जवळपास ९४ टक्के, आणि आकडा अर्ध्या मिनिटात स्थिर. प्रोब मेलेला नव्हता. ९,५०० रुपयांचा नवीन मागवण्याचं जवळजवळ ठरलं होतं, तो स्पेअर म्हणून मागवला. स्पेअर एक हवाच, पण दोन-तीन साठवू नका. इलेक्ट्रोड कपाटात पडूनही म्हातारा होतो, त्यामुळे घेताना बनावटीची तारीख बघा.

ओआरपीचा प्रोब वेगळा. त्याला स्लोप नसतो, प्लॅटिनमचा एक ठिपका किंवा पट्टी असते, त्यामुळे खरं तर तपासणीच करायची असते. ७ च्या बफरमध्ये क्विनहायड्रोनची चिमूट टाकायची, गडद हिरवट चूर्ण असतं, सगळं विरघळत नाही, पाणी पिवळसर-तपकिरी होतं. तसंच ४ मध्ये. २५ अंशांना पहिल्यात सुमारे ८६ मिलिव्होल्ट आणि दुसऱ्यात २६३ यायला हवेत. मिश्रण ताजंच वापरायचं, दिवस संपला की टाकून द्यायचं. आमचा प्रोब दोन्हींमध्ये मिळून फक्त १२० चा फरक दाखवत होता, हवा १७७ चा. प्लॅटिनमवर गाळाचा हिरवा-तपकिरी चिकट पडदा होता. सौम्य ॲसिड, मग अगदी बारीक ॲल्युमिना पावडरने हलक्या हाताने घासणं, आणि दुसऱ्या वेळी फरक १७६ आला. तरीही फक्त ओआरपीवर मी विसंबत नाही. दर शिफ्टला क्रोमच्या टाकीचं थोडं पाणी घेऊन डायफिनाइल कार्बाझाइडची टेस्ट करायला लावली आहे. गुलाबी-जांभळा रंग आला तर हेक्साव्हॅलंट क्रोम अजून शिल्लक आहे. काकांना ही टेस्ट फार आवडली. डोळ्याला दिसतं ते पटतं.

आरओच्या कंडक्टिव्हिटी सेन्सरना त्रास कमी. सेल धुवायचा, १४१३ च्या स्टँडर्डमध्ये बघायचं, सेल कॉन्स्टंट (सेलच्या मापावरून येणारा गुणक) नोंदवायचा. तापमान एक अंश बदललं की कंडक्टिव्हिटी साधारण दोन टक्के बदलते, म्हणून ट्रान्समीटरमध्ये तापमानाची भरपाई चालू आहे ना, एवढं नक्की पाहा. आमच्या एका ट्रान्समीटरवर ती बंद होती.

मार्च एंडला सगळी परचेस थांबली, त्यामुळे बाहेरच्या कॅलिब्रेशनचा पीओ एप्रिल उजाडल्यावर निघाला. आपण बफरने जे करतो ते रोजचं काम. पण ज्या मिलिव्होल्ट सिम्युलेटरने आपण ट्रान्समीटर तपासतो तो, लॅबचा पीएच मीटर आणि थर्मामीटर हे एनएबीएलची (लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेल्या लॅबकडून कॅलिब्रेट करून घ्यावे लागतात. ऑडिटर तेच मागतात. यात एक गोष्ट बघायची असते. मान्यता सरसकट नसते, प्रत्येक लॅबला ठरावीक गोष्टींची आणि ठरावीक मर्यादेत असते. एनएबीएलच्या वेबसाइटवर लॅबचा स्कोप उघडून आपलं उपकरण त्यात आहे का, आणि काम साइटवर होणार असेल तर साइटसाठी मान्यता आहे का, हे पीओच्या आधी बघा. आम्हाला तिन्हींचे मिळून ७,८०० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी पडले.

माल बाहेर जाताना रिटर्नेबल गेटपास केला, त्यावर सिरीयल नंबर लिहून सिक्युरिटीची सही घेतली. दहा दिवसांनी उपकरणं परत आली, सर्टिफिकेट आणखी काही दिवसांनी. त्यात सिम्युलेटरच्या सिरीयल नंबरातला एक आकडा उलटसुलट झाला होता. एवढ्याने काय होतं असं वाटेल, पण ऑडिटमध्ये ते सर्टिफिकेट आपल्या उपकरणाचं धरलं जात नाही. ईमेल, फोन, गेटपासची प्रत पाठवणं, असं करत दुरुस्त सर्टिफिकेट यायला मे उजाडला. सर्टिफिकेट हातात पडलं की त्याच मिनिटाला उपकरण समोर ठेवून नंबर ताडून बघायचा.

सिम्युलेटर किती कामाचा आहे तेही सांगते. प्रोब काढून त्या जागी तो जोडायचा. शून्य मिलिव्होल्ट दिले की ट्रान्समीटरने ७.०० दाखवायचं, अधिक १७७.५ ला ४.००, उणे १७७.५ ला १०.००. असं दाखवलं तर ट्रान्समीटर ठीक, दोष प्रोबमध्ये किंवा केबलमध्ये. नाहीतर लोक आधी प्रोब बदलतात, मग केबल, आणि शेवटी कळतं की कार्ड गेलं होतं.

एप्रिलचा उन्हाळा त्या वर्षी कडक होता. शेडमध्ये बफरच्या बाटल्या ३५ अंशांवर. बफरचा पीएच तापमानाने बदलतो, ९.१८ चा बफर ३५ अंशांना ९.१० असतो. बाटलीवर तक्ता छापलेला असतो, तो बघून त्या दिवसाचा खरा आकडा घालायचा. बफर आणि प्रोब दोन्ही एका तापमानाला येईपर्यंत थांबायचं. मी आता सकाळी आठच्या आत हे काम उरकते.

त्याच महिन्यात एसटीपीच्या (मैलापाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेच्या) एरेशन टाकीतला डीओचा, म्हणजे विरघळलेल्या ऑक्सिजनचा, सेन्सर घेतला. कँटीन आणि बाथरूमचं पाणी तिथे जातं, आणि विरघळलेला ऑक्सिजन लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास ठेवायचा असतो. हा सेन्सर हवेत धरून कॅलिब्रेट करता येतो, फक्त हवा पूर्ण दमट हवी आणि मेम्ब्रेनवर पाण्याचा थेंब नको. ट्रान्समीटर हवेचा दाब विचारतो. आमच्यात १०१३ मिलिबार भरलेलं होतं, समुद्रसपाटीचं. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, इथला खरा दाब ९५० च्या आसपास. समुद्रसपाटीला २५ अंशांच्या पाण्यात ऑक्सिजन ८.२६ पर्यंत विरघळतो, आपल्याकडे सुमारे ७.७. म्हणजे दाब चुकीचा भरला की सेन्सर सुरुवातीपासूनच सहा-सात टक्के जास्त दाखवणार. आणि मोबाइलवरच्या हवामानाच्या ॲपमधला दाब घालू नका, तो समुद्रसपाटीला आणलेला असतो. उंचीवरून काढलेला किंवा प्रत्यक्ष बॅरोमीटरने मोजलेलाच दाब घाला. मुंबईच्या मॅन्युअलवरून पुण्यात काम करणाऱ्यांनी हे जरूर बघावं. मेम्ब्रेन आणि इलेक्ट्रोलाइट बदलल्यावर सेन्सरला काही तास स्थिर व्हायला द्यावे लागतात, त्यामुळे ते काम संध्याकाळी करून कॅलिब्रेशन दुसऱ्या दिवशी केलं.

२०२५ मध्ये पाऊस मे महिन्यातच आला. शेवटच्या आठवड्यात एका सकाळी काकांचा फोन: "मॅडम, आउटलेटचा पीएच हलतच नाहीये. काल रात्रीपासून सातच."

अगदी ७.०० वर थिजलेला पीएच बघून समाधान मानू नये. केबलमध्ये आतली तार आणि जाळी एकमेकींना चिकटली की शून्य मिलिव्होल्ट मिळतात, आणि शून्य म्हणजे ७. बल्ब तडकला तरी तसंच होतं. प्रोब बफरमध्ये घातला, ४ मध्येही ७, ९.१८ मध्येही ७. सिम्युलेटर थेट ट्रान्समीटरला लावला, तिथे सगळं बरोबर. प्रोब लॅबच्या मीटरला लावून पाहिला, तोही बरोबर. राहिली मधली केबल. जंक्शन बॉक्स उघडला तर झाकणाच्या आतून पाणी ओघळत होतं आणि टर्मिनलवर हिरवट गंज चढला होता.

पीएचच्या काचेचा रोध शेकडो मेगाओहम असतो. एवढ्या कमजोर सिग्नलला ओलाव्याचा हलका पडदाही पुरतो. त्याशिवाय केबल सोलताना एक बारकी चूक आधीच झालेली होती. या खास केबलमध्ये आतल्या इन्सुलेशनवर काळा, किंचित वीज वाहणारा थर असतो. तो मागेपर्यंत सोलून काढला नाही आणि टर्मिनलला टेकला, तर कोरड्या दिवसांतही वाचन भरकटतं. बघायला तो इन्सुलेशनसारखाच दिसतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. हे शोधायला मल्टिमीटर आणि मॅन्युअलमधलं जोडणीचं चित्र घेऊन मी आणि इलेक्ट्रिकल मेंटेनन्सचे दादा अर्धा दिवस उन्हापावसात बसलो होतो.

रविवारी पुण्यातल्या तपकीर गल्लीत जाऊन हीटश्रिंक (तापवली की आवळणारी नळी), सिलिका जेलची पाकिटं आणि चांगल्या बनावटीच्या ग्लँड (केबल बॉक्समध्ये घट्ट बसवणारे जोड) शोधल्या. बुधवार पेठेतली सगळीच दुकानं रविवारी उघडी नसतात, विचारून जा. केबल मात्र उपकरणाच्या कंपनीचीच घेतली. पीएचची केबल साध्या वायरने वाढवायची नाही, मध्ये जोड द्यायचा नाही. नवीन केबल सलग टाकली, बॉक्स भिंतीवर फूटभर वर नेला, केबल खालून आत घेतली, झाकणात सिलिका जेल ठेवलं. पावसाळ्यात ती पाकिटं महिन्याला बदलतो. डिजिटल सेन्सर घेतले तर ही कटकट जाते, कारण सिग्नलचं रूपांतर प्रोबच्या डोक्यातच होतं. पण सेन्सर आणि ट्रान्समीटर दोन्ही बदलावे लागतात. आउटलेटपुरता तो प्रस्ताव पुढच्या बजेटात टाकला आहे.

जूनमध्ये मंडळाचे अधिकारी संमतीपत्राच्या संदर्भात पाहणीला आले. आउटलेटवर संयुक्त सॅम्पल घेतलं, ज्याला सगळे जेव्हीएस म्हणतात, बाटलीवर दोघांच्या सह्या झाल्या. मग पीएचची नोंदवही मागितली. हात गार पडले होते माझे. त्यांनी ॲज फाउंडचा रकाना बघून विचारलं, "फेब्रुवारीत एवढा फरक होता?" मी होय म्हणाले, आणि त्यानंतर काय केलं ते त्याच पानावर दाखवलं. वाईट आकडा लिहून ठेवायला घाबरू नका, असं मी दुसऱ्या शिफ्टच्या मुलांनाही सांगते. वहीत सगळे आकडे छान असतील तर पुढच्या वेळी प्रोब किती दिवसांनी धुवायचा हे ठरवणार कशावरून?

कारण वेळापत्रक तसंच ठरलं. मॅन्युअलमध्ये 'महिन्यातून एकदा स्वच्छ करा' असं लिहिलेलं असतं, ते पाणी न बघता लिहिलेलं असतं. आम्ही सुरुवातीला सगळे प्रोब दर आठवड्याला काढले आणि ॲज फाउंड लिहीत गेलो. न्यूट्रलायझेशनच्या टाकीत आठव्या दिवशीच ०.२ च्या वर फरक पडतो, तिथे दर आठवड्याला धुणं कायम. क्रोमच्या ओआरपीला दहा-बारा दिवस चालतात, पण गुरुवार सोयीचा म्हणून तोही आठवड्यालाच. आउटलेटचा प्रोब तीन आठवडे हलत नाही, तो पंधरा दिवसांनी. आरओची कंडक्टिव्हिटी तीन महिन्यांनी. तुमचे आकडे वेगळे येतील. डेअरीचं, कागदाचं, रंगाचं पाणी वेगळं वागतं. दोन महिने मोजा, मग ठरवा. स्लोप ५० च्या खाली गेला आणि धुऊनही वर आला नाही, तर प्रोब बदलायचा, एवढा एकच नियम मी सगळ्यांना सारखा लावला आहे.

आयएसओचं ऑडिट जूनच्या अखेरीस झालं. एक निरीक्षण निघालं: बफरच्या बाटल्यांची मुदत नोंदवहीत नाही, फक्त बाटलीवर आहे. रकाना वाढवला.

एएमसीचा प्रश्न जुलैत पुन्हा निघाला. साहेबांनी विचारलं, आता हवी का? मी हो म्हणाले, पण अर्धी. कार्ड जळणं, ट्रान्समीटरची दुरुस्ती, वर्षातून एकदा पूर्ण लूपची (प्रोबपासून पंपापर्यंतच्या साखळीची) तपासणी हे बाहेरच्यांनी करावं. धुणं आणि बफर आमच्याकडेच. करारात तीन ओळी घालून घेतल्या: प्रत्येक भेटीच्या रिपोर्टवर ॲज फाउंड आणि ॲज लेफ्ट आकडे, पीएच किमान दोन बफरवर आणि स्लोप मिलिव्होल्टमध्ये, आणि आमच्या माणसाची सही झाल्याशिवाय बिल नाही. कोटेशन ६२,००० वर आलं. पीओ ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात निघाला, आणि पहिली भेट त्यानंतरच्या गुरुवारी ठरली.